हिशेब मळीपाशीच का थांबतो?

आडसाली ऊस सोळा-अठरा महिने रानात उभा असतो. शिरोळ तालुक्यात त्याला कृष्णा-पंचगंगेच्या पुरातूनही तगावे लागते. 2019 आणि 2021 च्या महापुरांत किती ऊस कुजला, हे नदीकाठाला सांगायला नको. शेतकऱ्याच्या लेखी काट्यावर आलेला ऊस हा त्याचा तयार माल. कारखान्याच्या दप्तरी तो कच्चा माल. याबद्दल तक्रार नाही. तक्रार आहे ती दर ठरवताना कच्च्या आणि पक्क्या मालामध्ये जी रेघ ओढली गेली, तिच्याबद्दल.

केंद्राची एफआरपी, म्हणजे उसाचा रास्त व किफायतशीर दर, साखर उताऱ्यावर बेतलेली आहे. 2025-26 च्या हंगामासाठी ती 10.25 टक्के उताऱ्याला टनाला 3,550 रुपये आहे, त्यातून तोडणी-वाहतूक वजा. तिच्यापलीकडचा वाटा मिळावा म्हणून रंगराजन समितीने 2012 मध्ये महसूल वाटणी सुचवली, महाराष्ट्राने 2013 मध्ये कायदा केला. साखर, मळी, बगॅस आणि प्रेसमड यांच्या उत्पन्नातले 70 टक्के उसाचे, किंवा नुसती साखर धरली तर 75 टक्के, असे ते सूत्र. पण मळी आसवनीत जाऊन तिचे इथेनॉल झाले, बगॅस बॉयलरमध्ये जाऊन वीज विकली गेली, की त्या पैशात उसाचा वाटा उरत नाही. उपपदार्थ कच्चे असेपर्यंतच हिशेबात आहेत.

कारखान्यांची अडचण खरी आहे. साखरेची किमान विक्री किंमत फेब्रुवारी 2019 मध्ये किलोला 31 रुपये झाली आणि नंतर कित्येक हंगाम हलली नाही. एफआरपी मात्र चढत गेली. आसवनीचे कर्जही असते. म्हणून प्रक्रिया खर्च, व्याज, घसारा आधी वजा व्हावा, हे रास्तच. पण सहकारी कारखान्यात ती आसवनी सभासदाच्या भागभांडवलाच्या पायावरच उभी असते.

शेजारच्या इचलकरंजीचे बरेचसे ग्रे कापड रंगाई-छपाईला परराज्यात जाते, तिथला नफा तिथेच राहतो. उसाचा पक्का माल आपल्याच शिवारात तयार होतो, तरी त्यातला वाटा उत्पादकाला नाही, हे अधिक बोचते.

जयसिंगपूरला भरणाऱ्या शेतकऱ्यांच्या ऊस परिषदेनंतर सगळ्यांचे लक्ष पहिल्या उचलीच्या आकड्याकडे जाते. त्याच जोराने सूत्राचा आग्रह धरला पाहिजे. ऊस दर नियंत्रण मंडळाने इथेनॉल आणि विजेचे निव्वळ उत्पन्न कारखानानिहाय जाहीर करावे, आणि त्यातला वाटा अंतिम हप्त्यात शेतकऱ्याच्या खात्यावर जमा करायला लावावा.