पाहणारे आणि दाखविणारे

चित्रे दाखवून गोष्ट सांगण्याची हौस माणसाला फार जुनी आहे. सिंधुदुर्ग जिल्ह्यातील पिंगुळी या गावी ठाकर समाजातील चित्रकथी पिढ्यान्‌पिढ्या ही कला जतन करीत आले आहेत. रामायण-महाभारतातील प्रसंगांची चित्रे कागदावर काढावयाची, ती क्रमाने एकेक करून श्रोत्यांसमोर धरावयाची आणि वाद्यांच्या साथीवर गाऊन कथा सांगावयाची, असा तिचा परिपाठ. चित्रकथी जेथे थांबतो तेथे श्रोत्यांचे डोळे थांबतात. तो चित्र पालटतो तेव्हाच कथा पुढे सरकते. कोणते चित्र आधी, कोणते मागाहून आणि कोणत्या चित्रावर किती वेळ रेंगाळावयाचे, हे सर्व सांगणाऱ्याच्या हाती असते.

आज हेच सामर्थ्य एका लहानशा मोबाईलमध्ये सामावले आहे. त्याने चित्र घेता येते, आवाज साठविता येतो, नको तो भाग कापता येतो आणि हवा तो जोडता येतो. म्हणूनच प्राथमिक शाळेतील मुलांनी वर्गात स्वतःच्या छोट्या चित्रफिती तयार कराव्यात, असा विचार पुढे आला आहे. पुष्कळांना हे एक नवे खूळ वाटते. मुले आधीच पडद्याला खिळलेली असतात. आता शाळेनेही तेच करावे काय, असे ते विचारतात. शंका रास्त आहे. परंतु चित्रफीत पाहणे आणि चित्रफीत करणे यांत, मेजवानी झोडणे आणि स्वयंपाक करणे यांत जेवढे अंतर आहे, तेवढेच अंतर आहे. पाहणाऱ्याला नुसते बसून राहिले तरी चालते. करणाऱ्याला मात्र निरीक्षण करावे लागते, विचारावे लागते, निवडावे लागते आणि आपल्या निवडीचा जाब द्यावा लागतो.

भारतीय चित्रपटाचा पाया घालणाऱ्या दादासाहेब फाळके यांचे उदाहरण या बाबतीत बोलके आहे. १९१२ साली ते विलायतेहून चित्रपटाची विद्या शिकून परत आले. आपल्याला चित्रपट काढता येतो, हे लोकांना पटविल्यावाचून कोणी भांडवल देणार नव्हते. तेव्हा त्यांनी राजवाडे किंवा लढाया यांच्या मागे न लागता कुंडीत वाटाणा पेरला. त्यासमोर कॅमेरा ठेवून महिन्याहून अधिक काळ ते दररोज थोडे थोडे चित्रण करीत राहिले. महिनाभराची ती वाढ पडद्यावर पाहता पाहता घडली आणि पाहणारे चकित झाले. पुढे ३ मे १९१३ रोजी त्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ मुंबईत लोकांसमोर आला. त्या काळी कोऱ्या फितीला छिद्रे पाडण्याचे कामही घरीच करावे लागे आणि ते त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई करीत. आज हे कष्ट यंत्राने वाचविले आहेत. परंतु वाटाण्याच्या कुंडीपाशी रोज न चुकता जाण्याचा धीर कोणत्याही यंत्रात मिळत नाही. तो मुलाला स्वतःच अंगी बाणवावा लागतो.

सामान्य माणसाने आपली गोष्ट अशा साधनांनी सांगावी, ही चळवळ अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्यात १९९० नंतरच्या दशकात रुजली. डॅना ॲचली, जो लॅम्बर्ट आणि त्यांचे सहकारी यांनी त्यासाठी कार्यशाळा भरविण्यास प्रारंभ केला. काही मिनिटांची गोष्ट, घरातील छायाचित्रे आणि सांगणाऱ्याचा स्वतःचा आवाज, एवढीच त्यांची मुख्य सामग्री. तेथे येणारी माणसे प्रथम वर्तुळ करून बसत आणि आपली गोष्ट एकमेकांना तोंडी ऐकवीत. संगणकाची पाळी त्यानंतर येई. शाळांनी हा क्रम ध्यानात ठेवण्यासारखा आहे. आधी गोष्ट, मग लेखन आणि सरतेशेवटी कॅमेरा.

समजा, एखाद्या शाळेतील सहा मुलांनी गावातील कल्हईवाल्यावर तीन मिनिटांची चित्रफीत करावयाचे ठरविले. सहाजणांत एकच मोबाईल असला तरी भागते. किंबहुना तो एकच असलेला बरा. एकाने प्रश्न विचारावे, एकाने चित्रण करावे, एकाने आवाजाकडे लक्ष द्यावे, एकाने टिपणे घ्यावी, उरलेल्या दोघांनी चित्रांचा क्रम लावावा आणि पुढच्या खेपेस कामांची अदलाबदल करावी. परंतु जाण्यापूर्वी त्यांना पुष्कळ गोष्टी जाणून घ्याव्या लागतील. तांबे-पितळेच्या भांड्यांना कल्हई का करतात? कारण कल्हई नसलेल्या भांड्यात ताक, आमटी यांसारखे आंबट पदार्थ कळकतात आणि ते खाणे अपायकारक असते. मग भट्टीपासून अंतर राखून मुले काम पाहतील. भात्याने निखारे फुलतात, भांडे तापते, त्यात नवसागराची पूड पडताच पांढरा धूर उठतो आणि कथील फिरवून ते कापसाने पसरविले की काळवंडलेले भांडे चांदीसारखे लखलखते. हे सारे तीन मिनिटांत बसवावयाचे तर प्रत्येक वाक्य पारखून घ्यावे लागेल. ‘धूर’ हा शब्द उच्चारण्याची गरज नाही, तो दिसतोच. ‘नवसागर’ मात्र सांगावा लागेल, कारण तो नुसता पाहून ओळखू येत नाही. शब्दाने काय सांगावे आणि चित्रावर काय सोपवावे, हा विवेक मुलांना येथे आपोआप येतो. चित्रफितीमुळे लेखन मागे पडेल, ही भीती म्हणून निराधार ठरते. तीन मिनिटांची संहिता चारदा लिहून काढणारे मूल, एकदाच निबंध लिहून वही मिटणाऱ्या मुलापेक्षा भाषेचा अधिक अभ्यास करते.

याहून मोठा लाभ आणखी एक आहे. वर्गात काही मुले कधीच बोलत नाहीत. कोणी लाजाळू असते. कोणाच्या घरी भिल्ली, गोंडी किंवा मालवणी बोलली जाते आणि आपली बोली ऐकून इतर हसतील, या धास्तीने ते गप्प राहते. अशा मुलाने आपल्या आजीची कहाणी आजीच्याच बोलीत ध्वनिमुद्रित करून आणली, तर सारा वर्ग कान देऊन ऐकतो आणि त्या दिवशी शिकविणारा तोच होतो. पुस्तकात ज्यांच्या घराला आजवर जागा मिळाली नाही, त्यांना ती या मार्गाने मिळू शकते.

तथापि जेथे सामर्थ्य आहे तेथे जबाबदारीही असते. कल्हईवाला म्हणाला, “पूर्वीइतकी भांडी आता येत नाहीत. पण हे काम मला आवडते, म्हणून मी करतो.” यातील दुसरे वाक्य कापून टाकले आणि मागे करुण संगीत लावले, तर समाधानी माणूस दुःखी दिसू लागेल. शब्द त्याचेच, आवाज त्याचाच. तरीही ते असत्यच होय. कातरीने खोटे बोलता येते, हे ज्या मुलाने स्वतःच्या हातांनी अनुभवले, ते पुढे मोबाईलवर आलेली प्रत्येक चित्रफीत मुकाट्याने खरी मानणार नाही. हिच्यातून काय कापले असेल, असे ते विचारील. हल्ली संगणकाच्या साहाय्याने न घडलेले प्रसंगही हुबेहूब दाखविता येतात. अशा काळी हा प्रश्न विचारण्याची सवय कोणत्याही धड्याइतकीच मोलाची आहे.

दुसरी जबाबदारी समोरच्या माणसाविषयीची. “काका, तुमचे चित्रण केले तर चालेल का?” असे विचारल्यावाचून कॅमेरा उघडू नये. ते नको म्हणाले, तर तो मुकाट्याने मिटावा. चित्रफीत तयार झाल्यावर ती प्रथम त्यांनाच दाखवावी आणि त्यांची संमती असेल तरच इतरांना दाखवावी. वर्गातील सोबत्याची फजिती टिपून ती मोबाईलवरून गावभर फिरविणे हा विनोद नव्हे. त्यात दुबळ्याचा अपमान आहे. मुलांच्या चित्रफिती सर्व जगासमोर मांडण्याची घाई शाळेनेही करू नये. शाळेच्या भिंतीवर, गावकऱ्यांसमोर त्या दाखविल्या, तरी त्यांचे चीज होते.

म्हणून शाळेने या साधनाला भिऊ नये आणि त्याने भुलूनही जाऊ नये. महागडे कॅमेरे विकत घेतल्याने मुले चांगली गोष्ट सांगू लागत नाहीत. गावात पाहण्यासारखे काय आहे हे हुडकावे, माणसांपाशी आदराने बसून त्यांचे ऐकावे, ऐकलेले प्रामाणिकपणे मांडावे, हे शिक्षण ज्या वर्गात मिळते त्या वर्गाला एक साधा मोबाईलही पुरतो. आणि पिंगुळीच्या चित्रकथीला तर कागद, रंग आणि आपला कंठ एवढ्यावरच श्रोते खिळवून ठेवता आले आहेत.