खरोशाचीं लेणीं आणि आजीची गोष्ट

थंडीचे दिवस आले कीं घरोघरीं सहलीचा विषय निघतो. वडील मंडळी काशी-रामेश्वर म्हणतात, सुना-मुलें उटी-महाबळेश्वर म्हणतात. आणि ज्यांचीं मुलें परदेशीं स्थायिक झालीं आहेत त्यांच्या ओसरीवर तर आतां लंडन-पॅरिसच्याच गोष्टी निघतात. यांत वावगें कांहीं नाहीं. परंतु लातूर-नांदेडकडील एकाद्या सुशिक्षित गृहस्थास ‘आपण खरोसा पाहिलें काय?’ असें विचारावें, तर उत्तर बहुधा नकारार्थीच येतें. काखेंत कळसा आणि गांवाला वळसा, अशांतलाच हा प्रकार होय. म्हणून या महिन्यांत आम्ही वाचकांस खरोशास नेण्याचें योजिलें आहे.

लातूरहून औसा सुमारें २० किलोमीटर. तेथील भुईकोट किल्ला वाटेंतच पाहून घ्यावा. चहूंकडे उंचवटा आणि मध्यें किल्ला, अशी त्याची योजना आहे. त्यामुळें आंतून दूरवरचा शत्रु दिसावा, पण शत्रूला मात्र किल्ल्याचा बराच भाग दिसूं नये! बहामनी राज्यापासून हें ठाणें प्रसिद्ध होतें. मलिक अंबरानें त्याला अंबरापूर असें नांव दिलें होतें. औशाहून निलंग्याच्या रस्त्यानें साधारण तितकेंच अंतर पुढें गेलें कीं खरोसा गांव लागतें. गांवाजवळच्या ठेंगण्या टेकडींत १२ लेणीं आहेत. तीं इसवी सनाच्या ६ व्या शतकाच्या सुमारास कोरलीं गेलीं असें मानतात. जेम्स बर्जेस यांनीं बीदर व औरंगाबाद जिल्ह्यांतील प्राचीन अवशेषांवर १८७८ सालीं जो अहवाल प्रसिद्ध केला, त्यांत या लेण्यांचें वर्णन आहे. त्या वेळीं हा सारा मुलूख निजामाच्या राज्यांत होता.

वेरूळ पाहिलेल्या माणसाची येथें प्रथम थोडी निराशा होईल, हें आधींच सांगितलेलें बरें. वेरूळचा दगड काळा, कठीण बसाल्ट. खरोशाचा दगड तांबूस, सच्छिद्र जांभा. कोंकणांतील वाचकांस तो घराच्या चिऱ्यांमुळें परिचित असेलच. या दगडाचें इंग्रजी नांव फ्रान्सिस बुकानन यांनीं १८०७ सालीं प्रचारांत आणलें, तें विटेच्या लॅटिन नांवावरून. आणि तें यथार्थ आहे. जांभा ताजा असतांना सहज कापला जातो व हवा लागल्यावर कठीण होतो. त्यामुळें कोरणाऱ्यांचे श्रम वांचतात. पण नाजूक नक्षी त्याच्या अंगीं टिकत नाहीं. शेंकडों पावसाळे सोसून येथील आकृति झिजल्या आहेत. डोळे, बोटें, अलंकार यांचा शोध घेऊं जाल तर हातीं फारसें लागणार नाहीं.

मग पहावयाचें काय? येथें नृसिंह आहे, शिव-पार्वती आहेत, कार्तिकेय आहे, रावण आहे. पण ते ओळखावे लागतात. झिजलेला दगड आपण होऊन बोलत नाहीं. ज्याला गोष्ट ठाऊक आहे त्यालाच तो बोलका होतो. मांडीवर आडवें धरलेलें शरीर दिसलें कीं हिरण्यकशिपु आठवावा. मोराच्या खुणेवरून कार्तिकेय समजावा. अनेक बाहू पसरलेले दिसले कीं रावणाचा गर्व मनांत यावा. हें ज्ञान पदवीनें येत नाहीं. आम्ही शाळेंत अनेक वर्षें इतिहास शिकविला, म्हणून अनुभवानें सांगतों: ज्या मुलानें प्रल्हादाची कथा लहानपणीं आजीच्या कुशींत ऐकली आहे, तें अशा मूर्तीपुढें क्षणभर थबकतें आणि एकदम ओरडतें, ‘हा तर नरसिंह!’ ज्यानें ती ऐकली नाहीं, तें ‘कांहीं तरी तुटलेलें आहे’ एवढेंच म्हणून पुढें जातें. दोघांचे डोळे सारखेच. फरक पडतो तो घरामुळें.

याच्या अगदीं उलट एक स्थळ फ्रान्स देशांत आहे. तेथील दोर्दोन्य प्रांतांत माँतिन्याक या खेड्याजवळ १९४० सालीं कांहीं मुलांना एक गुहा सांपडली. तिला लास्को म्हणतात. तिच्या भिंतींवर सुमारें १७ हजार वर्षांपूर्वींचीं बैलांचीं, घोड्यांचीं, हरणांचीं चित्रें आहेत आणि त्यांचे रंग आश्चर्य वाटावें इतके टवटवीत राहिले. १९४८ सालीं ती लोकांना खुली झाली. परंतु गर्दीच्या श्वासोच्छ्वासानेंच चित्रें बिघडूं लागलीं, म्हणून १९६३ सालीं ती बंद करावी लागली. १९८३ पासून प्रवाशांसाठीं तिची प्रतिकृति केलेली आहे. तेथें रंग राहिले, पण तीं चित्रें कोणती कथा सांगत होतीं हें जगांतील एकाही माणसास आज सांगतां येत नाहीं. आमच्या खरोशाला दगड झिजला, पण कथा अजून जिवंत आहे. मात्र ती कोठें जिवंत आहे? पुराणवस्तुखात्याच्या फलकावर नव्हे, तर देवघराशीं बसलेल्या वृद्ध माणसांच्या जिभेवर. ती जीभ थांबली आणि मागें कोणी शिकून ठेवलें नाहीं, तर खरोशाचीही लास्कोसारखीच गत होईल. शिवाय येथें रंगही नाहींत.

हें भय आम्ही उगाच घालीत नाहीं. किल्लारी याच औसा तालुक्यांत आहे. ३० सप्टेंबर १९९३ रोजीं, गणेशविसर्जनाच्या रात्रीं, पहाटे चारच्या सुमारास धरणीकंप झाला. दगडमातीच्या जाड भिंती आणि वर मातीचें जड माळवद, अशीं घरें झोंपलेल्या माणसांवर कोसळलीं. सुमारें १० हजार जीव गेले. पुढें गांवें नव्या जागीं वसलीं, पक्कीं घरें झालीं. पण त्या पहाटे किती ओव्या, किती कहाण्या, किती ठिकाणांचीं नांवें सांगणारीं माणसें गेलीं, याची मोजदाद कोणी केली नाहीं आणि करतांही येणार नाहीं.

म्हणून आमची सूचना साधी आहे. मार्गशीर्ष अमावास्येस, म्हणजे या भागांतील वेळ अमावास्येस, कुटुंबें शेतांवर जातातच. कडब्याच्या खोपींत पांडव पुजून भज्जी-आंबिलीचें भोजन होतें. त्याच सुमारास एक दिवस खरोशासाठीं काढावा. तेव्हां ज्वारी उभी असते, हरभरा घाट्यांनीं भरूं लागतो आणि ऊनही सोसतें. दशम्या, धपाटे, शेंगदाण्याची चटणी आणि भरपूर पाणी बरोबर असावें. अंधाऱ्या कोपऱ्यांसाठीं विजेरी घ्यावी. आदल्या रात्रीं घरांतील वडिलांनीं नृसिंहाची व रावणाची कथा मुलांना सांगावी, आणि लेण्यांत मात्र मोठ्यांनीं गप्प राहून मुलांना ओळखूं द्यावें. ज्या आजी-आजोबांना चढ झेपतो त्यांना अवश्य न्यावें; त्या दिवसापुरते तेच मार्गदर्शक. परततांना वेळ असल्यास निलंग्याचें नीलकंठेश्वराचें जुनें दगडी मंदिर पहावें. जांभ्यावरील काम व कठीण पाषाणावरील काम यांतील अंतर मुलांच्या आपोआप लक्षांत येईल.

दोन पथ्यें मात्र पाळावींत. भिंतीवर नांव कोरणाऱ्यास तर काय म्हणावें! पण भाविकपणानें तेल-शेंदूर लावणें हेंही येथें टाळावें. सच्छिद्र दगड तें सारें शोषून घेतो आणि उरलासुरला आकारही बुजतो. येथें हात जोडून उभें राहिलें तरी पूजा झाली असें समजावें.

जे वाचक जाऊन येतील त्यांनीं मुलांना कोणत्या आकृति आपण होऊन ओळखतां आल्या, हें आम्हांस अवश्य कळवावें. पुढील अंकांत नांदेडकडे वळून कंधारच्या किल्ल्याचा विचार करण्याचा मानस आहे.