रोषणाई त्यांची, दिवाबत्ती कुणाची?

चौकात दिवे लागले की लोक टाळ्या वाजवतात. वाजवू देत. मी पोटासाठी वायरमनचं काम करतो, बटण दाबल्यावर दिवा लागला की मलाही बरं वाटतं. पण माझी नजर दिव्यावर फार वेळ ठरत नाही, केबलीच्या मागं मागं जाते. ही केबल आली कुठून? बिल कुणाच्या नावावर फाडणार? आणि एवढ्याच पैशात कुठल्या गल्लीचे खांब पेटले असते? समारंभात असे प्रश्न विचारणारा माणूस कुणालाच आवडत नाही. न आवडू दे.

मित्रांनो, आज मी तुम्हाला अमेरिकेतल्या डेट्रॉइट शहराच्या चौकात नेणार आहे. तिकडं कशाला, आपल्याकडचे चौक संपले काय, असं कुणी म्हणेल. १९७२ साली मुंबईतल्या पोरांनी ‘पँथर’ हे नाव उचललं ते तिकडच्या काळ्या पोरांकडून. ज्यांचं नाव घेऊन आपण रस्त्यावर आलो, त्यांच्या गल्लीत दिवा आहे का नाही एवढी तरी विचारपूस ठेवायला नको?

डेट्रॉइट म्हणजे मोटारींचं गाव. १९५० साली वस्ती साडेअठरा लाख. २०१० च्या जनगणनेत उरली सात लाख चौदा हजार. गोरे उपनगरांत गेले, कारखाने गेले, बँका गेल्या. जे राहिले त्यांतले दहापैकी आठ काळे. ह्या शहराच्या पोटात कॅम्पस मार्शियस नावाचा चौक आहे. नाव रोमन, युद्धदेवाचं मैदान असा अर्थ. १८०५ साली सगळं गाव जळालं, त्यानंतर नवी आखणी झाली ती ह्या चौकापासून. शहराचे मैल अजून इथूनच मोजतात. पुढं मोटारींनी तो चौक गिळला, उरलं ते वाहतुकीचं एक बेट. मग शहराला तीनशे वर्षं झाली त्या निमित्तानं तो पुन्हा माणसांना द्यायचं ठरलं. नोव्हेंबर २००४ मध्ये नवा चौक खुला झाला. हिरवळ, कारंजं, स्केटिंगचं मैदान आणि मधोमध उंच नाताळचं झाड. रात्री बटण दाबायचं, झाडावरचे हजारो दिवे एकदम लागायचे, गर्दीनं आरोळी ठोकायची. तेव्हापासून हा नोव्हेंबरातला रिवाजच झाला.

हा चौक वाईट आहे असं मी म्हणणार नाही. आत जायला तिकीट नाही. काळी आई पोराला खांद्यावर घेऊन तिथं उभी राहू शकते, आणि पोर झाडाकडं बघून खिदळतं. आपल्यात काही पुस्तकी क्रांतिकारक आहेत. त्यांच्या दिवाणखान्यात झुंबर टांगलेलं चालतं, पण गरिबाचं पोर रोषणाई बघून हरखलं की ह्यांची वर्गजाणीव दुखावते. साला, सौंदर्य काय फक्त पोट भरलेल्यांनीच बघायचं? झगमगाट आम्हालाही आवडतो. आवडलाच पाहिजे. प्रश्न दुसरा आहे. ते पोर घरी जाताना कुठल्या रस्त्यानं जातं?

ते आता बघू. १८ जुलै २०१३ ला डेट्रॉइट शहरानं दिवाळं काढलं. अमेरिकेतल्या कुठल्याही शहराचं तोवरचं सगळ्यात मोठं दिवाळं. त्याआधीच, मार्चमध्ये, लोकांनी निवडून दिलेल्यांच्या हातून कारभार काढून राज्याच्या गव्हर्नरनं नेमलेल्या एका व्यवस्थापकाच्या हाती दिला होता. त्या वर्षी शहरात रस्त्यावरचे दिवे होते सुमारे ८८ हजार. त्यांतले शंभरातले चाळीस बंद! चौकातलं झाड दरवर्षी उजळत होतं आणि वस्तीतली पोरं सकाळी काळोखात शाळेच्या बसची वाट बघत उभी होती. पुढच्या वर्षी, २०१४ मध्ये, थकलेल्या बिलापायी हजारो घरांचं पाणी तोडलं. हा मानवी हक्कांचा भंग आहे असं संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञांना सांगावं लागलं. चौकात कारंजं होतंच.

माझ्या धंद्यातली एक गोष्ट सांगतो. तिथल्या जुन्या लाइनी सिरीजमध्ये होत्या. गणपतीतल्या जुन्या माळेसारखं समजा, एका जागी वायर तुटली की अख्खी रांग मेली. तांबं महाग झालं तसे चोर तारा उपसून न्यायला लागले. दुरुस्तीला माणसं नाहीत, पैसा नाही. म्हणजे अंधार काय आभाळातून पडला नाही. वर्षानुवर्षं खांबाकडं कुणी फिरकलं नाही, तेव्हा तो साठत गेला.

आणि दिवे लावणं ह्या शहराला येत नव्हतं असंही नाही. १८८० च्या दशकात डेट्रॉइटनं दीडशे फुटांवर उंचीचे १२२ दिव्यांचे मनोरे उभारले होते. लोक त्यांना चांदण्याचे मनोरे म्हणत. पुढं तसलेच ३१ मनोरे टेक्सासमधल्या ऑस्टिन शहरानं विकत घेतले, काही तिथं अजून उभे आहेत. १८९५ पासून तर डेट्रॉइटची स्वतःची सरकारी दिवाबत्ती होती. खाजगी वीज कंपनीशी भांडून महापौर पिंग्रीनं ती उभी केली. म्हणजे शंभर वर्षांपूर्वी ह्या शहराला कळत होतं की रस्त्यावरचा दिवा ही कुणाची मेहरबानी नसते. मग काळ्यांची वस्ती वाढली, गोरा पैसा निघून गेला, आणि शहाणपणही बरोबर गेलं.

आता ‘पुनरुज्जीवन’ ह्या शब्दाची भानगड. चौकाचं पुनरुज्जीवन, शहराच्या मध्यभागाचं पुनरुज्जीवन. प्रत्येक भाषणात हा शब्द. मेलेल्यात जीव घातला म्हणता, मग आधी मारला कुणी ते पण सांगा ना! ह्या चौकापासून पायी जाता येईल इतक्या अंतरावर ब्लॅक बॉटम नावाची काळ्यांची वस्ती होती. तिच्या हेस्टिंग्ज रस्त्यावर दुकानं होती, दवाखाने होते, रात्र रात्र गाणं चालायचं. १९५० च्या दशकात सरकारनं ती पाडली. त्या कार्यक्रमाचं नाव काय? शहराचं नूतनीकरण. हेस्टिंग्ज रस्त्यावरून मोटारींचा महामार्ग गेला. उठवलेल्या माणसांतल्या बहुतेकांना त्या जागेवर परत घर मिळालं नाही. त्यांच्या रात्रीचे दिवे आधी विझवले, आणि पन्नास वर्षांनी शेजारच्या चौकात झाडावर दिवे लावून टाळ्या घेतल्या.

चौकातून आठ मैल मोजले की एट माइल रस्ता लागतो, ती शहराची हद्द. त्याच्या जवळ एक भिंत आहे. १९४१ साली बिल्डरनं बांधली, सहा फूट उंच, अर्धा मैल लांब. का? शेजारी काळ्यांची वस्ती आहे म्हणून सरकारी गृहकर्ज-विमा मिळेना. मध्ये भिंत घातली, कर्ज मिळालं. ती भिंत आजही आहे, आता तिच्यावर वस्तीतल्या लोकांनी चित्रं काढलीत. गावकूस म्हणजे काय हे तुम्हाला मी सांगायला नको. तिकडं ते सिमेंटचं आणि कर्जाच्या कागदासकट आहे, एवढाच फरक.

ह्याच डेट्रॉइटच्या पोटात हायलँड पार्क नावाचं छोटं वेगळं शहर आहे. १९१३ साली फोर्डनं सरकत्या पट्ट्यावर गाडी जोडायला सुरुवात केली ती इथं. आज जवळपास सगळी वस्ती काळी. २०११ मध्ये शहराकडं विजेची चाळीस लाख डॉलरची थकबाकी होती. कंपनीनं काय केलं? हजारावर दिवे नुसते बंद केले नाहीत, खांबासकट उपटून नेले! वीज तोडणं मी समजू शकतो, तो धंदा आहे. पण खांब उपटणं म्हणजे, तुमच्या गल्लीत पुन्हा कधी दिवा लागेल ही आशासुद्धा उपटणं. अंधारातल्या त्या लोकांनी मग काय केलं हेही सांगितलं पाहिजे. त्यांनी सोलार्डॅरिटी नावाची संघटना काढली, सोलर आणि सॉलिडॅरिटी हे दोन शब्द जोडून. वर्गणी, मदत जमवली आणि २०१२ मध्ये पहिला सौरदिवा रस्त्यावर उभा केला. एकच दिवा. पण त्याचं बटण कुठल्या पुढाऱ्याच्या हातात नव्हतं.

कुणी म्हणेल, डेट्रॉइटच्या गल्ल्यांतही पुढं दिवे आलेच की. आले, आणि ते मी नाकारत नाही. सार्वजनिक दिव्यांसाठी वेगळं प्राधिकरण नेमलं, साडेअठरा कोटी डॉलरचे रोखे काढले, २०१६ संपेपर्यंत ६५ हजार एलईडी दिवे बसवले. काम मोठं होतं, वेगानं झालं. पण ८८ हजारांचे ६५ हजार झाले, मागच्या बोळांतले दिवे यादीतून गेले, आणि २०१९ मध्ये कळलं की नव्यातले सुमारे २० हजार मुदतीच्या कितीतरी आधी मंद होतायत, जळतायत. कर्जाची फेड लोकांच्या विजेच्या, गॅसच्या बिलावरच्या करातून. चौकातला दिवा भेट म्हणून दिला जातो आणि गल्लीतला दिवा कर्ज म्हणून. हिशेब नीट बघा.

ज्या २०१६ मध्ये हे दिवे बसत होते त्याच वर्षी शहरात आणखी एक दिवा आला. हिरवा, लुकलुकणारा. प्रोजेक्ट ग्रीन लाइट. पेट्रोलपंप, दारूची दुकानं, खाण्याच्या जागा ह्यांच्या मालकांनी स्वतःच्या पैशानं भारी कॅमेरे बसवायचे, दारावर हिरवा दिवा लावायचा आणि चित्र थेट पोलिसांच्या मुख्यालयात. सुरुवात आठ पेट्रोलपंपांपासून झाली, मग तो शेकड्यांनी वाढला. चित्रं जमली की चेहरे ओळखणारं यंत्र आलंच. घड्याळांच्या चोरीत ह्या यंत्रानं एका निरपराध काळ्या माणसाकडं बोट दाखवलं. जानेवारी २०२० मध्ये पोलिसांनी त्याला घरासमोर, बायको-पोरींच्या डोळ्यांदेखत बेड्या घातल्या, तीस तास डांबलं. यंत्राला काळा चेहरा नीट ओळखता येत नाही, पण पकडायला तोच पहिला सापडतो!

हे नवीन नाही, मित्रांनो. १७१३ साली न्यूयॉर्कमध्ये कायदा झाला होता. चौदा वर्षांवरचा कुठलाही काळा किंवा मूळनिवासी गुलाम रात्री पेटता कंदील हातात घेतल्याशिवाय रस्त्यावर दिसता कामा नये. दिसला तर फटके. कंदील त्याच्या हातात होता, पण तो त्याला वाट दिसावी म्हणून नव्हता. तो गोऱ्याला दिसावा म्हणून होता.

म्हणून मी म्हणतो, दिव्यालाही जाती असतात. एक मिरवायचा दिवा, तो चौकात लागतो, त्याचा फोटो पेपरात येतो. एक पाळतीचा दिवा, तो तुमच्या तोंडावर मारतात. आणि एक जगायचा दिवा. रात्रपाळीहून परतणाऱ्या बाईला खड्डा दाखवणारा, खांबाखाली पोराला पुस्तक वाचू देणारा. पहिल्या दोन जातींना पैसा कधी कमी पडत नाही. तिसऱ्याची फाइल मात्र वर्षानुवर्षं टेबलावर झोपलेली असते. ह्या तिसऱ्या दिव्यासाठी भांडणं हे मी राजकारण समजतो, बाकी सगळी सजावट.

भाषण फार झालं, आता काम सांगतो. तुमच्या शहरात एखाद्या चौकाचं उद्‌घाटन निघालं, रोषणाई निघाली तर जरूर जा. पोरांना घेऊन जा, भजी खा, दिवे बघा. दुसऱ्या रात्री वही-पेन्सिल घेऊन आपल्या वस्तीत फिरा. दोघं-तिघं मिळून जा, पोरींनाही बरोबर घ्या, कारण अंधारात कुठं पाय अडखळतो हे त्या जास्त बरोबर सांगतील. प्रत्येक खांब मोजा, नंबर असला तर टिपा. कुठला जळतो, कुठला बंद, कुठला दिवसाढवळ्याही चालू. चौकाच्या रोषणाईचं टेंडर कितीचं आणि वस्तीच्या दिवाबत्तीची तरतूद किती, हे माहितीच्या अधिकाराखाली मागा. दोन्ही आकडे एका पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरांत लिहा.

आणि तो पुठ्ठा नेऊन त्या चौकातच टांगा, त्यांच्याच दिव्याखाली. वाचायला उजेड भरपूर आहे.