कर्ज कंपनीचे, निर्णय बँकांचा, कामगार कुठे?

१७ एप्रिल २०१९ च्या रात्री जेट एअरवेजचे शेवटचे विमान अमृतसरहून मुंबईकडे निघाले आणि कंपनी बंद पडली. त्याआधी दोन महिने स्टेट बँकेच्या पुढाकाराने कोर्टाबाहेर तोडगा काढणे चालू होते. थकीत कर्जाच्या बदल्यात बँकांनी शेअर घ्यायचे, मालकाने बाजूला व्हायचे, बँकांनी तातडीने १५०० कोटी घालायचे. मालक २५ मार्चला पायउतार झाले. पैसा मात्र वेळेत आला नाही. जूनमध्ये प्रकरण कंपनी कायदा न्यायाधिकरणात गेले. ७ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने कंपनी मोडीत काढण्याचा आदेश दिला.

कायद्यातली मुदत ३३० दिवसांची, लागली पाच वर्षे. कंपनी चालू असताना तडजोड झाली तर निदान नोकरी टिकते. म्हणून कोर्टाबाहेरचा मार्ग कामगाराच्याही हिताचा असू शकतो.

पण तिथे बसते कोण? रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार रकमेने ७५ टक्के आणि संख्येने ६० टक्के धनको राजी झाले की करारातल्या बाकीच्यांना ते मान्य करावे लागते. कामगाराचे नाव कुठेच नाही. न्यायाधिकरणातही धनकोंच्या समितीत त्याला मत नाही. पण दावा आणि अपील करता येते. जेटच्या कामगारांनी अपील करूनच पीएफ आणि ग्रॅच्युइटी पूर्ण देण्याचा आदेश ऑक्टोबर २०२२ मध्ये मिळवला. सर्वोच्च न्यायालयाने तो जानेवारी २०२३ मध्ये कायम ठेवला. बंद खोलीतल्या तडजोडीविरुद्ध असे दार कोणते?

१२ ऑगस्ट २०२५ रोजी लोकसभेत मांडलेल्या दुरुस्ती विधेयकात कोर्टाबाहेर सुरू होणारी १५० दिवसांची नवी प्रक्रिया होती. ५१ टक्के धनकोंच्या संमतीने ती सुरू करण्याची आणि कारभार जुन्याच व्यवस्थापनाकडे ठेवण्याची तरतूद त्यात होती. वेग चांगला, पण कामगाराला जागा हवी.

माझगाव, दारुखाना, रे रोडच्या वस्त्यांतली आपली अनेक मुले ठेकेदाराकडे कामाला आहेत. त्यांचे नाव कंपनीच्या हजेरीपटावर नसते, मग थकबाकीच्या यादीत कसे येणार? म्हणून कार्यकर्त्यांनी आजपासून तीन कामे करावीत. पगाराच्या पावत्या, ओळखपत्र, बँकेची नोंद जपायला लावा. पीएफ खरोखर भरला जातो का, ते दर तीन महिन्यांनी पाहा. कंपनी न्यायाधिकरणात गेलीच तर मुदतीत फॉर्म डी भरा. संघटनेमार्फत सर्वांचा दावा फॉर्म ई वर करता येतो.

आणि मागणी एकच: कोर्टाबाहेरच्या प्रत्येक तडजोडीत पगार, पीएफ, ग्रॅच्युइटी आधी आणि कामगार प्रतिनिधीची सही सक्तीची.

७ नोव्हेंबर १९३८ रोजी बाबासाहेबांच्या स्वतंत्र मजूर पक्षाने मुंबईत औद्योगिक विवाद विधेयकाविरुद्ध संप घडवला, कारण समेटाची प्रक्रिया सक्तीची करून कामगाराच्या संपाच्या हक्कावर बंधने घातली जात होती. तो प्रश्न अजून मिटलेला नाही.