विश्लेषण : भूल दिलेलं मूल उशिरा का उठतं? स्नायू सैल करणाऱ्या दोन औषधांचा हिशेब

राजूरच्या मुलाचं हर्नियाचं किंवा दुभंगलेल्या ओठाचं ऑपरेशन ठरलं की घरचे जालना नाहीतर छत्रपती संभाजीनगर गाठतात. थिएटरबाहेर प्रश्न एकच असतो, 'शुद्धीवर कधी येईल?' उत्तर भुलेइतकंच स्नायू सैल करणाऱ्या औषधावरही अवलंबून असतं.

श्वासनलिकेत नळी घालायला, पोटाचे स्नायू ढिले करायला हे औषध देतात. त्याने झोप येत नाही, वेदनाही थांबत नाही. असर असेपर्यंत मुलाचा श्वास यंत्रावर चालतो.

दोन औषधं दिली तर?

व्हेक्युरोनियम आणि रोक्युरोनियम एका गटातली, अॅट्राक्युरियम दुसऱ्या. एकाच गटातल्या दोघांचा असर साधारण बेरजेइतका होतो. वेगवेगळ्या गटांतली एकत्र आली, तर तो बेरजेपेक्षा जास्त होऊ शकतो. मात्रा कमी लागते, हा फायदा. पण आधी जास्त वेळ टिकणारं औषध दिलं आणि शेवटी कमी वेळाचं, म्हणून मूल लवकर सावरेल असं नाही. पहिल्या औषधाने बहुतेक जागा अडवलेल्या असतात. नंतरची छोटी मात्राही रेंगाळते. तान्ह्या बाळात व्हेक्युरोनियम मुळातच मोठ्या मुलांपेक्षा जास्त वेळ टिकतं.

उतारा देतानाही मिश्रण आडवं येतं. सुगामाडेक्स फक्त रोक्युरोनियम, व्हेक्युरोनियमला पकडतं. अॅट्राक्युरियम तसंच राहतं. अमेरिकेत दोन वर्षांवरील मुलांसाठी त्याला २०२१मध्ये मान्यता मिळाली. जुनं निओस्टिग्मीन दोन्ही गटांवर चालतं, पण असर थोडा उतरू लागल्यावरच.

घरातला इतिहास का विचारतात?

सक्सिनिलकोलिन काही मिनिटांत उतरतं, कारण रक्तातलं एक विकर ते मोडतं. काही घराण्यांत हे विकर जन्मतः कमी असतं. मग तोच असर काही तास टिकतो. आर्य वैश्य समाजात याचं प्रमाण जास्त असल्याचं भारतातल्या संशोधनात दिसलं आहे. सक्सिनिलकोलिन उतरण्याआधीच दुसरं औषध दिलं, तर हा दोष झाकला जातो. म्हणून थोडं थांबून मगच पुढची मात्रा देणं शहाणपणाचं.

स्नायूंचा एखादा आनुवंशिक आजार असेल, तर हेच औषध हृदय बंद पाडू शकतं. त्यामुळे मुलांमध्ये ते नेहमीसाठी वापरू नये, असा इशारा आहे.

मूल सावरलं, हे कसं कळतं?

हातपाय हलले म्हणजे झालं, असं नाही. घशाचे स्नायू उशिरा सावरतात आणि श्वास अडकण्याचा धोका तिथेच असतो. मनगटाच्या नसेला विजेचे चार हलके झटके देऊन अंगठ्याची हालचाल मोजतात. चौथी हालचाल पहिलीच्या किमान ९० टक्के हवी. हे यंत्र छोटं आहे, तरी प्रत्येक थिएटरात वापरलं जातंच असं नाही. पालकांनी बेधडक विचारावं.

घरात कुणाला ऑपरेशननंतर बराच वेळ यंत्रावर ठेवलं होतं का, मुलाला जेंटामायसिनसारखी इंजेक्शनं सुरू आहेत का, हे भूलतज्ज्ञांना आदल्या दिवशीच सांगा. जेंटामायसिनही हा असर लांबवतं.