रिपोर्ट नॉर्मल, बाई थकलेली

‘रिपोर्ट नॉर्मल आहे. आता कसली तक्रार?’ हे वाक्य ऐकलं नाही अशी थायरॉइडची बाई मला अजून भेटलेली नाही. गोळी रोज चालू आहे, टीएसएच हवा तितका आला आहे, तरी सकाळी अंग उचलत नाही, कंगव्यात केसांचा गुंता येतो, बोलता बोलता शब्द आठवत नाहीत. डॉक्टर कागद बघतात. कागद बरा असला की बाई बरी. फार तर सल्ला मिळतो : वजन उतरवा, मन रमवा.

ही मनाची तक्रार नव्हे. थायरॉक्सिनने टीएसएच ठीक होऊनही शंभरातल्या ५ ते १० जणांची लक्षणं उरतात, हे तज्ज्ञच मान्य करतात. आपल्या देशात मुंबई, गोव्यासह आठ ठिकाणी ५,३०० हून अधिक प्रौढांची तपासणी झाली, तिचे निष्कर्ष २०१३ साली प्रसिद्ध झाले. जवळपास ११ टक्के लोकांना हायपोथायरॉइडिझम निघाला. बायकांचं प्रमाण पुरुषांपेक्षा बरंच जास्त. म्हणजे उरलेल्या लक्षणांचं ओझंही मुख्यतः बायकाच वाहतात.

डॉक्टरने दार लावलं की बाजार दार उघडतो. ‘तुम्ही थकला आहात ना? आम्ही समजू शकतो,’ असं डबा म्हणतो. सेलेनियम, अश्वगंधा, समुद्री शेवाळ, केसांच्या गोळ्या. इतकी वर्षं कोणी ऐकलं नाही, आता कोणी ऐकतंय, म्हणून आपण पैसे मोजतो. मीही मोजले. माझी थायरॉक्सिनची बाटली दीडशे रुपयांची, केसांच्या गोळ्यांचा डबा नऊशेचा.

त्या डब्यात बायोटिन होतं. दिवसाला साधारण ३० मायक्रोग्रॅम पुरतं. माझ्या एका गोळीत १० मिलिग्रॅम, म्हणजे तीनशे पटींहून जास्त. पुढच्या तपासणीत टीएसएच फारच कमी आला आणि टी-४ जास्त. डॉक्टरांनी ‘डोस जास्त होतोय’ म्हणून १०० ची गोळी ७५ वर आणली. दोन महिन्यांत मी जिना चढताना बसायला लागले. दुसऱ्या डॉक्टरीणबाईंनी पहिलाच प्रश्न विचारला, ‘आणखी काय काय घेता?’ काही तपासणी पद्धतींत बायोटिन ढवळाढवळ करतं आणि रिपोर्ट खोटा येतो. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१७ मध्येच तसा इशारा दिला होता. बायोटिन बंद करून पुन्हा रक्त तपासलं, तेव्हा माझा टीएसएच चांगलाच वाढलेला निघाला. पहिल्या डॉक्टरांनी विचारलं नव्हतं. आणि मी सांगितलं नव्हतं, कारण ओरडा बसेल अशी भीती होती. या दोन गप्पांमध्ये माझे चार महिने गेले.

हे मी गटात सांगितलं तेव्हा एक जुनी मैत्रीण म्हणाली, ‘अगं, बाईचा अनुभव खरा माना, हे आपणच सांगत आलो ना? मला अश्वगंधाने बरं वाटतं. तुझा पुरावा कशाला?’

मला हा युक्तिवाद घातक वाटतो. माझा थकवा खरा आहे, याला माझा अनुभव पुरेसा पुरावा आहे. पण तो कशाने गेला, हे एकटीच्या अनुभवावरून कळत नाही. सगळ्यात वाईट आठवड्यात आपण डबा आणतो. त्यानंतर थोडं बरं वाटायचंच असतं. आणि आपली चळवळ आठवा. नेट-एन हे गर्भनिरोधक इंजेक्शन बायकांवर पुरेशी माहिती न देता वापरलं जात होतं, तेव्हा १९८६ साली स्त्री शक्ती संघटना, सहेली आणि चिंगारी सर्वोच्च न्यायालयात गेल्या. आधी सुरक्षितता सिद्ध करा, बाईला सगळं सांगा, मग द्या, ही आपली मागणी होती. सरकारी इंजेक्शनला एक माप आणि खाजगी डब्याला दुसरं, असं का?

त्याच मापाने पाहू. सेलेनियमने काहींच्या रक्तातल्या अँटीबॉडी कमी होतात. बाईला बरं वाटतं असं मात्र सातत्याने दिसलेलं नाही. जास्त झालं तर केस गळतात आणि नखं ठिसूळ होतात. २००८ साली अमेरिकेत एका द्रव सप्लिमेंटमध्ये लेबलवर लिहिलेल्याच्या २०० पट सेलेनियम निघालं, २०१ जणांना विषबाधा झाली. अश्वगंधाचा एक अभ्यास दाखवतात तो ५० जणांचा, आठ आठवड्यांचा, सौम्य आजार असलेल्यांवरचा. तिने यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत. डेन्मार्कने २०२३ मध्ये तिच्यावर बंदी घातली. समुद्री शेवाळातल्या जादा आयोडिनाने हायपोथायरॉइडिझम बळावू शकतो. आणि ‘नैसर्गिक’ म्हणाल, तर २०१३ च्या एका अमेरिकी अभ्यासात थायरॉइडसाठी विकल्या जाणाऱ्या दहा सप्लिमेंटपैकी नऊंमध्ये चक्क टी-३ हार्मोन सापडलं. त्यातून बरं वाटलं असेल तर ते न मोजलेल्या औषधाने!

कायदा काय करतो? १९५४ च्या जादूटोणा-छाप औषधी जाहिरातींविरुद्धच्या कायद्याने गलगंड आणि ‘स्त्रियांचे रोग’ बरे करण्याच्या जाहिराती करता येत नाहीत. म्हणून डब्यावर ‘बरे करते’ नसतं, ‘आधार देते’ असतं. २०१६ च्या नियमांनुसार ‘औषधी वापरासाठी नाही’ असंही छापावं लागतं. ते बारीक अक्षरात, चष्म्याशिवाय न दिसणारं.

याचा अर्थ डॉक्टर सुटले असा नाही. गोळी उपाशीपोटी घेते का, लोह-कॅल्शियमच्या गोळीत चार तासांचं अंतर ठेवते का, हे विचारायला किती वेळ लागतो? २०१९-२१ च्या राष्ट्रीय पाहणीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायका रक्तक्षयी निघाल्या. मग थकलेल्या बाईचं लोह, बी-१२ तपासायला कोणी अडवलं? झोप, पाळी जाण्याचा काळ, नैराश्य, घरची-बाहेरची दुहेरी पाळी, यांबद्दल कोण विचारतं? टी-३ ची जोड देण्याबद्दल १९९९ मध्ये ३३ रुग्णांच्या अभ्यासाने आशा दाखवली, नंतरच्या बहुतेक अभ्यासांत एकंदर फायदा दिसला नाही. तरी काहीजणींना उपयोग होतो का, हा प्रश्न खुला आहे. त्याचं उत्तर शोधणं हे संशोधकांचं काम आहे. ते काम बायकांनी आपल्या पैशाने, आपल्या शरीरावर, एकेकटीने का करावं?

तरीही कुणाला एखादं सप्लिमेंट घ्यायचंच असेल तर मी तिला हिणवणार नाही. एका वेळी एकच घे. त्यात काय, किती, ते वहीत लिही. किती आठवड्यांनी थांबायचं ते आधी ठरव. थायरॉइडची गोळी त्यासाठी सोडू नको. तपासणीच्या निदान दोन दिवस आधी बायोटिन बंद ठेव. आणि डॉक्टरांना सांग, ओरडले तरी सांग.

पुढच्या बैठकीला प्रत्येकीने घरातला डबा आणि आपले मागचे रिपोर्ट घेऊन यावं, असं मी सुचवते. लेबलं एकत्र वाचू. आणि ‘रिपोर्ट नॉर्मल’ म्हणून परत पाठवलेल्या बायकांची यादी करू. ती यादी घेऊन आपल्याला जिल्हा रुग्णालयात जायचं आहे.