लोणावळ्याचा बंगला आणि माझी निळी वही

परवा रविवारी आमच्याकडे भांडण झालं. आवाज कोणाचाच चढला नाही, पण भाऊजी चहा न घेता उठून गेले. आमच्या घरात एवढं पुरतं. कारण लोणावळ्याचा बंगला. नातेवाइकांपैकी निम्म्या लोकांना एव्हाना फोनवरून कळलंच असेल, आणि उरलेले हा ब्लॉग वाचतात. तेव्हा म्हटलं, माझी बाजू इथेच लिहून टाकावी.

बंगला आम्ही दोन्ही घरांनी मिळून घेतला, डिसेंबर २००७ मध्ये. एक्स्प्रेस-वे २००२ साली पूर्ण झाल्यापासून ठाण्याहून लोणावळा म्हणजे वडापाव खाऊन परत यावं इतकं जवळ झालं होतं, आणि ओळखीतला जो तो 'सेकंड होम' म्हणू लागला होता. तुंगार्लीच्या बाजूला छत्तीस बंगल्यांची स्कीम, क्लबहाउस, पोहण्याचा तलाव, गेटवर सलाम ठोकणारा वॉचमन. मुद्रांक शुल्क, नोंदणी सगळं धरून ४२ लाख, निम्मे आमचे, निम्मे भाऊजींचे. दोघांनीही कर्ज काढलं. किमतीवर आम्ही चार महिने घासाघीस केली. मेंटेनन्स किती, हे मात्र मी एकदाच विचारलं. सेल्समन म्हणाला, "मॅडम, नॉमिनल." नॉमिनल म्हणजे महिना ३५०० रुपये होते.

बँकेत जन्म गेल्यामुळे असेल, मला वही ठेवायची खोड आहे. बंगल्याची निळी वही मी पहिल्या दिवसापासून लिहिते. त्यात घरपट्टी आहे, वीजबिल आहे, माळ्याचा पगार आहे, आणि प्रत्येक वर्षी तिथे किती रात्री राहिलो तेही आहे. (हे यावर हसायचे. आता हसत नाहीत.)

२००९ साली आम्ही सगळे मिळून ६१ रात्री राहिलो. मुलं लहान होती, सासूबाई होत्या, आंब्याची पेटी उघडायची तर ती लोणावळ्याच्याच ओट्यावर. त्या वर्षीचा खर्च ८४ हजार. एका रात्रीला चौदाशे रुपयांच्या आत, आणि ते अकरा माणसांचे! यापेक्षा स्वस्त सुख मी आयुष्यात विकत घेतलेलं नाही.

आता २०२४ चं पान. मेंटेनन्स महिना ११,८००. मेंटेनन्स साडेसात हजारांच्या वर गेला की त्यावर १८ टक्के जीएसटी येतो, आमच्याकडे तो सबंध रकमेवर लावतात. म्हणजे झाले १३,९२४. वर्षाचे १ लाख ६७ हजार. घरपट्टी १८ हजार. कोणी राहो न राहो, वीज ३० हजार, कारण पंप आहे, बाहेरचे दिवे आहेत. तीन बंगल्यांत मिळून एक माळी-कम-रखवालदार, त्याचे आमच्या वाट्याचे महिना ६ हजार. वाळवी, पंप, नळ यांचे १५ हजार. आणि पाऊस! पावसाचे वर्षाला सरासरी ६० हजार.

पावसाबद्दल थोडं सविस्तर सांगते, कारण विकत घेताना हाच पाऊस आपल्याला भुलवतो. आपण बघायला जातो जुलैमध्ये. धुकं, धबधबे, भुशी धरण, मक्याचं कणीस. तोच पाऊस घरात कसा शिरतो ते कळायला पहिले दोन-तीन पावसाळे जावे लागतात. दारं फुगतात आणि लागत नाहीत. गाद्यांना वास येतो. कपाटातल्या साड्यांवर, चपलांवर, फोटोच्या काचेच्या आतल्या बाजूलाही बुरशी. पश्चिमेच्या भिंतीला ओल, ऑक्टोबरात पोपडे, मग रंग, आणि पुढच्या जूनला पुन्हा ओल. महाबळेश्वरला जुने लोक पावसाळ्याआधी भिंतींना गवताच्या पेंढ्या बांधायचे, तेव्हा मला ते मजेशीर वाटायचं. आता वाटतं, त्यांना घाटमाथ्यावरच्या घराचा हिशेब कळला होता. आम्ही मात्र मोठाल्या काचा आणि सपाट गच्ची मागितली, कारण ब्रोशरमध्ये तशी होती.

तर बेरीज ३ लाख ६२ हजार. आणि २०२४ साली राहिलो किती? १९ रात्री. त्यातल्या चार तर प्लंबरची वाट बघण्यात गेल्या. म्हणजे रात्रीला १९ हजार रुपये, पेट्रोल आणि टोल वेगळा.

इथे भाऊजींचं म्हणणं असं की घर म्हणजे हॉटेल नव्हे, रात्री मोजू नयेत. किंमत वाढते ती बघावी. ४२ लाखांचे दीड कोटी झाले की नाही? हे वाक्य मी इतक्या घरांत ऐकलंय की त्याचं उत्तर वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवलंय. आयकर खात्याचा महागाईचा निर्देशांक २००७-०८ मध्ये १२९ होता, २०२५-२६ साठी तो ३७६ आहे. म्हणजे तेव्हाचे ४२ लाख म्हणजे आजचे सुमारे १ कोटी २२ लाख. आम्हाला आलेली ऑफर १ कोटी २८ लाखांची आहे. अठरा वर्षांत खरी वाढ साडेपाच-सहा लाख! आणि निळ्या वहीतला तेवढ्याच वर्षांचा खर्च सुमारे ३६ लाख, कर्जाचं व्याज सोडून.

(जाता जाता, विकणाऱ्यांसाठी. जुलै २०२४ मध्ये नियम बदलले आणि निर्देशांकाशिवाय साडेबारा टक्के कर आला. पण २३ जुलै २०२४ च्या आधी घेतलेल्या घराला, भारतात राहणाऱ्या व्यक्तीला, जुन्या पद्धतीने २० टक्क्यांचा हिशेब करून जो कर कमी तो भरता येतो. आमच्या बाबतीत नव्याने पावणेअकरा लाख, जुन्याने एक लाखाच्या थोडं वर. सीएला विचारल्याशिवाय सही करू नका. आणि हो, २०१९ च्या आधी अशा दुसऱ्या रिकाम्या घरावर काल्पनिक भाडं धरून कर लागायचा. न मिळालेल्या भाड्यावरचा कर मी अकरा वर्षं भरलाय, तेव्हा माझ्या बोलण्याला थोडं वजन द्या. :) )

खरी गोष्ट अशी की आम्ही विकायला हवं होतं जानेवारी २०२१ मध्ये. करोनामुळे सगळ्यांना शहराबाहेर घर हवं होतं, राज्य सरकारने मुद्रांक शुल्क मार्चपर्यंत कमी केलं होतं, आणि एका गृहस्थांनी १ कोटी ४५ लाख देऊ केले होते. पण तेव्हा आमचा पुतण्या तिथूनच ऑफिसचं काम करत होता, आम्ही येऊनजाऊन होतो, बंगला भरलेला होता. राहतं घर कोणाला महाग वाटतं? खर्च डोळ्यांवर येतो तो घर रिकामं झाल्यावर, आणि तोपर्यंत घेणाऱ्याचंही ऑफिस सुरू झालेलं असतं.

आता भांडणाचं कारण. दिवाळीनंतर एक जोडपं बंगला बघायला आलं. ती डॉक्टर, तो कसल्याशा कंपनीत. एजंटने आम्हाला १ कोटी ६० लाख सांगायला लावलं होतं. भाऊजींनी आदल्या आठवड्यात माणूस बोलावून पश्चिमेच्या भिंतीला रंग काढून घेतला होता. मला ते तिथे गेल्यावर कळलं. ओल्या भिंतीवर नवा रंग, वास येत होता.

त्या मुलीने क्लबहाउसकडे बघितलंही नाही. तिने तीन वर्षांची मेंटेनन्सची बिलं मागितली, जनरल बॉडीची इतिवृत्तं मागितली, आणि विचारलं, "काकू, सिंकिंग फंडात किती आहेत?" माझ्या पोटात गोळा आला. आदर्श उपविधींप्रमाणे बांधकाम खर्चाच्या वर्षाला किमान पाव टक्का सिंकिंग फंडात आणि पाऊण टक्का दुरुस्ती निधीत जायला हवा. आमच्या सोसायटीने मेंटेनन्स कमी दिसावा म्हणून वर्षानुवर्षं ते टाळलं, आणि त्या मीटिंगांत हात वर करणाऱ्यांत मीही होते. छत्तीसपैकी पाच बंगले पैसेच भरत नाहीत. थकबाकीवर २१ टक्क्यांपर्यंत व्याज लावता येतं, पण जो फिरकतच नाही त्याला त्याचं काय? त्यांचा वाटा आम्ही एकतीसजण भरतो. तलावातलं पाणी हिरवं.

मी तिला सगळं सांगितलं. भिंतीचंही. गच्चीचं वॉटरप्रूफिंग नव्याने करायला सहा लाख लागतील हेही. भाऊजी माझ्याकडे बघत राहिले. आठ दिवसांनी तिची ऑफर आली, १ कोटी २८ लाख.

भाऊजी म्हणतात, वहिनींनी तोंड उघडल्यामुळे ३२ लाख गेले. मला वाटतं ते ३२ लाख कधी नव्हतेच. त्या मुलीचं गणित सरळ होतं. वर्षाला ३ लाख ६२ हजार खर्च म्हणजे सात टक्क्यांनी जवळजवळ ५२ लाखांची एफडी या बंगल्यासाठी कायमची बांधून ठेवायची. असला बंगला घेणारा दोन किमती देतो, एक आपल्याला आणि एक बंगल्याला. दुसरी वाढली की पहिली कमी होणारच. आपण तेव्हा हा हिशेब केला नाही म्हणून समोरच्यानेही करू नये, हा कसला न्याय?

माझी मावसबहीण फ्लोरिडात असते. तिच्या यजमानांनी समुद्रकाठी एक काँडो घेऊन ठेवला होता. तिथे जून २०२१ मध्ये सर्फसाइडची बारा मजली इमारत कोसळून ९८ माणसं गेली. त्यानंतर २०२२ मध्ये कायदा आला. तीन किंवा त्याहून जास्त मजल्यांच्या जुन्या काँडो इमारतींची तपासणी करा, आणि मुख्य दुरुस्त्यांचा निधी साठवा, मतदान करून तो टाळण्याची सोय बंद. तीस-तीस वर्षं न भरलेले पैसे एकदम मागायला लागल्यावर जुन्या इमारतींतले लोक विकायला धावले, आणि घेणारे पहिला प्रश्न विचारू लागले तो निधीचा. बहीण म्हणाली, "समुद्र दिसतो की नाही हे आता कोणी विचारतच नाही." मला आमच्या मीटिंगमधला माझा वर झालेला हात आठवला.

आपल्याकडे लवासाचं उदाहरण आहेच. २०१० मध्ये पर्यावरण खात्याने बांधकाम थांबवलं, २०१८ मध्ये कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली, २०२३ मध्ये मंजूर झालेली योजना २०२४ मध्ये रद्द झाली. अशा ठिकाणी घर तुमचं असतं, पण रस्ता, पाणी, दिवे दुसऱ्याच्या तब्येतीवर चालतात. असो.

पुतण्याचा उपाय वेगळा आहे. बंगला शनिवार-रविवार भाड्याने द्यायचा. शेजारचे दोघं देतात. पैसे सुटतात, खोटं कशाला बोलू. पण मग रोज चादरी बदलणारं, रात्री दोन वाजता स्पीकर बंद करा म्हणून फोन घेणारं कोणीतरी हवं. ते घर राहत नाही, धंदा होतो. ज्याला करायचा त्याने जरूर करावा. आम्हा दोघांच्या गुडघ्यांना तो झेपणार नाही आणि पुतण्या बंगलोरला आहे.

भाऊजी म्हणतात, दोन वर्षं थांबू, १ कोटी ६० येतील. भाऊजी, हे तुमच्यासाठी. दोन वर्षांचा खर्च सव्वासात लाख. १ कोटी २८ लाखांवरचं दोन वर्षांचं व्याज जवळजवळ १८ लाख, त्यावरचा कर सोडून. म्हणजे १ कोटी ६० मिळाले तरी त्यातले २५ लाख आधीच गेलेले. उरले सात, आणि गच्ची तोवर थांबणार नाही, तिचे सहा. एका लाखासाठी आणखी दोन पावसाळे?

मला माहीत आहे की प्रश्न पैशांचा नाही. आईंचं शेवटचं पंचाहत्तरीचं जेवण तिथे झालं. जांभळाचं झाड तुम्ही लावलंत. मलाही त्या ओट्याकडे बघवत नाही. पण ते ६१ रात्रींचं घर होतं, आणि ते आपण पुरतं वापरलं.

एक गोष्ट लिहायची राहिली. वही चाळताना त्या डॉक्टर मुलीने माळ्याच्या पगारावर बोट ठेवलं. "सहा वर्षं सहाच हजार?" बाकी प्रत्येक रकाना वाढलेला होता, हाच तेवढा नाही. ती म्हणाली, व्यवहार झाला तर आठ देईन, त्यांना राहू दे म्हणा. मी मान खाली घालून "हो" म्हटलं.

विसाराचं उत्तर तिला पुढच्या सोमवारी द्यायचं आहे. भाऊजी, तोवर वही माझ्याकडेच आहे. रविवारी या, आणि चहा घेऊन जा.